डॉक्टरांनी लिहिलं, फार्मासिस्टने दिलं, पुढे?

मागच्या अंकात औषधं घेण्याबद्दलचे प्रश्न मागवले होते. आलेली पत्रं बहुतेक भांडणांचीच निघाली. डॉक्टर एक म्हणतात, औषधाच्या काउंटरवर दुसरंच सांगतात, आम्ही ऐकायचं कोणाचं? मी फार्मासिस्ट. नोकरीची बरीच वर्षं वॉर्डात, डॉक्टरांच्या राउंडमागे फाइल धरून फिरण्यात गेली, त्यामुळे दोन्हीकडची गाऱ्हाणी तोंडपाठ आहेत. पत्रं थोडी कापली आहेत, नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत. इथलं उत्तर वाचून कुठलीही गोळी परस्पर सुरू किंवा बंद करायची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : सासूबाईंना थायरॉइडची गोळी आहे. वर्षभरात डॉक्टरांनी डोस दोनदा वाढवला, तरी टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं माप) खाली येत नाही. परवा औषधं आणायला गेले तर फार्मासिस्टने विचारलं, थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी कधी घेतात? मी म्हटलं, विसरायला नको म्हणून दोन्ही सकाळी एकदमच. तर म्हणाले, हेच कारण असेल. डॉक्टर हे कधी बोलले नव्हते. ताई, विश्वास कोणावर ठेवू? आणि उद्यापासून कॅल्शियम रात्री दिलं तर चालेल का?

उत्तर : विश्वास दोघांवरही ठेवा. मात्र उद्याचा दिवस डॉक्टरांना फोन करायला राखून ठेवा, बदल त्यानंतर. का ते सांगते.

थायरॉइडची ही गोळी, लेव्होथायरॉक्सिन, मोठी मानी आहे. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घेतली तरच नीट शोषली जाते. जोडीला कॅल्शियम किंवा लोह आलं की ते तिला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. म्हणून या दोन्हींपासून तिला किमान चार तास लांब ठेवायचं. आम्लपित्तावरची काही औषधंही असाच खोडा घालतात, आणि गोळीमागोमाग कॉफी घेतली तरी शोषण कमी होतं. सासूबाईंची गोळी रोज पोटात जात होती, अंगी लागत नव्हती.

डॉक्टरांपुढे काय होतं? वाढलेला टीएसएच, आणि ‘गोळी रोज घेता ना?’ या प्रश्नाला मिळालेलं अगदी खरं ‘हो’. एवढ्यावर कोणीही डोसच वाढवील. कॅल्शियम बहुधा हाडांच्या डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर लिहिलेलं असणार. दोन्ही कागद एकत्र पाहणारा पहिला माणूस म्हणजे औषध देणारा, आणि त्याने ‘घेता का’ असं न विचारता ‘कधी घेता’ असं विचारलं. धागा तिथे सापडला.

आता फोन कशाला, तर डोस दोनदा वाढलेला आहे. कॅल्शियम बाजूला झालं की हाच वाढीव डोस पुरता रक्तात उतरू लागेल आणि कदाचित जास्त होईल. मग धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, वजन उतरणं. उतारवयात हृदयाची लय बिघडू शकते आणि हाडं ठिसूळ होतात, म्हणजे ज्या हाडांसाठी कॅल्शियम चाललंय तीच. डॉक्टर कदाचित डोस तोच ठेवून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहतील, कदाचित लगेच थोडा उतरवतील. हा निर्णय त्यांचाच. सासूबाईंचं हृदय आणि मागचे रिपोर्ट त्यांच्याकडे आहेत, फार्मासिस्टकडे नाहीत.

जमलं तर फार्मासिस्टकडूनच दोन ओळी लिहून घ्या: ‘लेव्होथायरॉक्सिन व कॅल्शियम एकाच वेळी घेतले जात होते. आता अंतर ठेवायला सांगितले आहे. डोसबाबत कृपया कळवावे.’ तोंडी निरोप नेला तर तो ‘ते म्हणतात तुमचं औषध चुकलं’ असा पोचतो. असे निरोप मी दोन्ही दिशांनी जाताना पाहिले आहेत.

प्रश्न : सांधेवातासाठी मला मेथोट्रेक्सेट लिहून दिलं. काउंटरवरच्या मुलीने मला बाजूला बसवून डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तो उचलेपर्यंत पाऊण तास गेला. मग चिठ्ठीवरचं ‘रोज’ खोडून तिने ‘दर सोमवारी’ लिहिलं. डॉक्टरांचं अक्षर खोडायचा अधिकार तिला कोणी दिला? लेखी तक्रार करावी म्हणतो.

उत्तर : पत्र जरूर लिहा, फक्त मायना बदला. त्या मुलीने तुमचा जीव वाचवला असण्याची शक्यता आहे.

मेथोट्रेक्सेट कर्करोगात मोठ्या मात्रेत देतात, सांधेवातात अगदी लहान, आणि तीही आठवड्यातून एकदाच. ती लहान गोळी रोज घेतली तर तोंड आतून सोलवटतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात. माणसं यात दगावली आहेत. युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2019 मध्ये केवळ ही एक चूक टाळण्यासाठी नव्या सूचना काढल्या. चूक करणारे डॉक्टर बेफिकीरच असतात असं नाही. संगणकावर औषध निवडताना शेजारच्या रकान्यात ‘दिवसातून एकदा’ पडून जातं, आणि ओपीडी संपत आली की डोळे ते वाचेनासे होतात. दुसऱ्या माणसाचे ताजे डोळे हवेत ते एवढ्यासाठी. आणि खोडलं तिने असलं तरी शब्द डॉक्टरांचाच आहे, फोनवर त्यांनी सांगितल्यावरच तिने पेन उचललं.

तेराव्या शतकात सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याने डॉक्टर आणि औषधं बनवणारे यांचे व्यवसाय कायद्याने वेगळे केले, डॉक्टरांना त्यांच्याशी भागीदारी करायला मनाई केली. त्याला थैल्या वेगळ्या करायच्या होत्या. बोलणं बंद करा असं काही तो म्हणाला नव्हता. पुढे कित्येक ठिकाणी झालं मात्र तेच.

पाऊण तासाची तुमची तक्रार मला मान्य आहे. दवाखान्यात फार्मासिस्टच्या फोनला वेगळी वाट हवी. तो फोन भेटीची वेळ मागणाऱ्यांच्या रांगेत लागू नये. फोन करणाऱ्यानेही तयारीने करावा. मी नवीन असताना वॉर्डातले एक वरिष्ठ डॉक्टर मला नेहमी बजावायचे की नुसती अडचण घेऊन येऊ नकोस, सोबत पर्याय आण. ‘सर, हे औषध चालणार नाही’ यावर समोरचा वैतागतो. ‘सर, चिठ्ठीवर रोज आहे, आठवड्याला एकदा करायचं का, आणि कोणत्या वारी?’ याचं उत्तर दहा सेकंदांत मिळतं.

सोमवार ठरला आहे तर सोमवारच ठेवा, कॅलेंडरवर खूण करा. फॉलिक अ‍ॅसिड दिलं असेल तर ते कोणत्या वारी, हेही लिहून घ्या. तोंड आलं, ताप आला, घसा दुखू लागला किंवा दम लागला तर पुढच्या सोमवारची वाट न पाहता कळवा. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलं तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगा. कोट्रायमॉक्साझोल त्याच्यासोबत घातक ठरतं.

प्रश्न : बीपीसाठी एनालाप्रिल सुरू झाल्यापासून कोरडा खोकला लागला. म्हणून तपासणीच्या आधीचे चार-पाच दिवस नेमाने घेतो, एरवी दोन-तीन दिवसांआड. डॉक्टर फार भले गृहस्थ आहेत, त्यांना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. आता त्यांनी डोस दुप्पट केला आहे. घ्यावा का?

उत्तर : आधी डॉक्टरांशी बोला, आजच. डोस वाढला तो न घेतलेल्या गोळ्यांपायी. पूर्वीचा डोस पुरा घेऊन बीपी किती राहतं हे त्यांना कधी दिसलंच नाही. आता भीतीने दुप्पट डोस रोज घ्यायला लागलात तर बीपी फार उतरून उभं राहताना चक्कर येऊ शकते, आणि जुन्या पद्धतीने अधूनमधून घेत राहिलात तर पुढच्या खेपेला तिसरी गोळी जोडली जाईल.

वाईट याचं वाटतं की तुमची अडचण एका वाक्यात सुटणारी होती. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल या कुळातल्या औषधांनी काही जणांना असा खोकला येतो. कफ नाही, ताप नाही, घशात सारखी खवखव. सिरप पिऊन तो जात नाही. औषध बदललं की साधारण आठवड्या-महिन्याभरात जातो, एखाद्याचा थोडा अधिक रेंगाळतो. लोसार्टन, टेल्मिसार्टन या दुसऱ्या कुळात हा त्रास क्वचितच होतो, आणि असे बदल डॉक्टर नेहमीच करतात. (याच कुळातल्या औषधांनी ओठ, जीभ, चेहरा सुजू लागला तर मात्र कोणाला विचारत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा.)

गोळ्यांबाबत रुग्ण खरं सांगत नाहीत, लक्ष ठेवा, असा इशारा हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक ग्रंथांतही आहे. म्हणजे तुमचा संकोच फार जुना. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालानुसार श्रीमंत देशांतही दीर्घ आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणारे सरासरी निम्मेच. डॉक्टरांना हे ठाऊक असतं. समोरचा माणूस कोणत्या निम्म्यातला, हे त्यांना कळत नाही.

काय बोलायचं तेही लिहून देते: ‘डॉक्टर, खोकल्यामुळे मी गोळी आठवड्यातून दोन-तीनदाच घेत होतो. जुना डोस रोज घेतलेलाच नाही.’ एवढंच. तोंड उघडत नसेल तर आधी फार्मासिस्टला सांगा, तो फोन करील. त्याला तसाही संशय असणार, कारण महिन्याच्या गोळ्या तुम्ही दोन महिन्यांनी न्यायला येता हे त्याच्या नोंदीत दिसतं. तो गप्प का राहिला, हा माझा त्याला प्रश्न आहे.

आणखी एक. तुमच्या यादीत मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारखी गोळी असेल तर ती अशी आडदिवशी घेऊ नका. ती एकाएकी तोडली की नाडी आणि बीपी उसळतं, हृदयरुग्णाला ते महागात पडतं.

प्रश्न : मॅडम, मी फिजिशियन आहे, आणि तक्रार तुमच्या व्यवसायबंधूंबद्दल आहे. एका बाईंना नसांच्या दुखण्यासाठी मी अमिट्रिप्टिलिन रात्री लहान मात्रेत लिहिलं. काउंटरवर त्यांना सांगण्यात आलं की ही डिप्रेशनची गोळी आहे. त्यांनी पाकीट फोडलंच नाही, आणि डॉक्टर मला वेडी समजतात म्हणून माझ्याकडे येणंही सोडलं. रुग्णाशी बोलायचं काम आमच्यावरच ठेवलेलं बरं नव्हे का?

उत्तर : डॉक्टर, तुमचा राग रास्त आहे. ते वाक्य अर्धवट होतं, आणि औषधाबद्दलचं अर्धवट वाक्य गप्प राहण्यापेक्षा वाईट.

पण तुमची चिठ्ठी मी डोळ्यांपुढे आणून पाहते. औषधाचं नाव, 10 मिलिग्रॅम, रात्री एक, तीस दिवस. कशासाठी? तेवढंच नाही. हे औषध नैराश्यात देतात, नसांच्या वेदनेत देतात, अर्धशिशी रोखायलाही देतात. प्रोप्रॅनोलॉल बीपीला, अर्धशिशीला, हातांच्या कंपाला आणि घबराटीला. पुस्तकात जो आजार पहिला तोच फार्मासिस्टच्या तोंडी आधी येतो. ‘नसांच्या दुखण्यासाठी’ हे दोन शब्द चिठ्ठीवर असते तर त्या बाईंना अगदी वेगळी माहिती मिळाली असती: पहिले काही दिवस झोप येईल, तोंडाला कोरड पडेल, दुखणं हळूहळू, काही आठवड्यांत उतरेल, चार दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नका.

आमच्या माणसाचीही सुटका नाही. कशासाठी हे कळत नसेल तर सांगायच्या आधी विचारायचं. ‘डॉक्टरांनी ही गोळी कशासाठी दिली असं सांगितलं?’ हा प्रश्न मी शिकाऊ मुलांकडून घोटून घेते. उत्तर ‘पायांची आग होते त्यावर’ असं आलं की पुढचं सगळं बोलणं बदलतं. उत्तर ‘काय की’ असं आलं तर तुमच्या खोलीत काय पोचलं नाही हे समजतं. दुष्परिणाम सांगण्याचीही एक पद्धत असते. माहितीपत्रक वरपासून खालपर्यंत वाचून दाखवणं म्हणजे स्वतःची कातडी वाचवणं. बहुतेकांना काय होतं आणि आपोआप जातं, कशासाठी फोन करायचा, आणि कशासाठी गोळी थांबवून धावायचं, एवढं वेगळं करून सांगितलं की माणूस घाबरत नाही. शेवटी त्यालाच म्हणायचं, ‘आता घरी गेल्यावर कशी घेणार ते मला सांगा बघू.’ त्याचं सांगणं अडखळलं तर आपलं समजावणं कमी पडलं.

काम तुमच्यावरच ठेवावं, हे मात्र मला पटत नाही. तुमच्याकडे रुग्ण दोन-तीन महिन्यांनी येतो, काउंटरवर दर महिन्याला. 2018 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लॉस एंजेलिसचा एक अभ्यास आला. 52 केशकर्तनालयांत नेहमी जाणारे, बीपी अनियंत्रित असलेले 319 कृष्णवर्णीय पुरुष त्यात होते. एका गटासाठी खास प्रशिक्षण घेतलेले फार्मासिस्ट दुकानातच येऊन बीपी मोजायचे आणि रुग्णाच्या डॉक्टरांशी आधी ठरलेल्या करारानुसार औषधं सुरू करायचे, बदलायचे. दुसऱ्या गटाला केस कापणारे राहणी सुधारा, डॉक्टरांना भेटा असं सांगायचे. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचं वरचं बीपी सरासरी 27 ने उतरलं, दुसऱ्याचं 9 ने. बातम्यांत गाजलं ते केस कापायचं दुकान. मला त्यातला करार महत्त्वाचा वाटतो. फार्मासिस्टने कुठपर्यंत जायचं हे आधी कागदावर होतं, आणि प्रत्येक भेटीचं टिपण डॉक्टरांकडे जात होतं.

एवढा मोठा करार तुम्हाला नको आहे. तुमच्या चिठ्ठ्या ज्याच्याकडे सर्वांत जास्त जातात त्याला एकदा अर्धा तास भेटा. कशासाठी लगेच फोन करायचा, कशासाठी संध्याकाळी निरोप पुरे, आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय रुग्णाला काय सांगायचं नाही, हे ठरवा. आणि त्या बाईंना स्वतः फोन करा. त्या गोळीमुळे नाही, तर गैरसमजामुळे थांबल्या आहेत.

प्रश्न : दम्यासाठी दोन इन्हेलर वापरते, तरी रात्री छाती भरते. डॉक्टर आता वरचं औषध सुरू करू म्हणतात. औषध कमी पडतंय का?

उत्तर : पडत असेलही. पण आधी दोन्ही इन्हेलर घेऊन फार्मासिस्टपुढे उभ्या राहा आणि म्हणा, मी वापरून दाखवते, तुम्ही फक्त पाहा. त्याला आधी दाखवू देऊ नका, नाहीतर तुम्ही त्याची नक्कल कराल आणि घरची चूक झाकली जाईल.

दाबायचा पंप असेल तर तो हलवून घ्यायचा, श्वास पूर्ण सोडायचा, तोंडाचा भाग ओठांत घट्ट धरायचा, सावकाश श्वास ओढायला लागल्यावर दाबायचं, ओढत राहायचं आणि दहा सेकंद रोखायचं. बहुतेकांचं बिघडतं ते दाबण्याच्या क्षणाला. आधी दाबलं तर औषध जिभेवर बसतं, उशिरा दाबलं तर छातीत जायला श्वासच उरत नाही. जमत नसेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा, ती काही लहान मुलांचीच वस्तू नाही. पावडरच्या इन्हेलरचा प्रकार बरोबर उलटा. तिथे श्वास जोरात आणि खोल ओढावा लागतो, आणि यंत्रात फुंकर मारायची नाही. एकीकडे सावकाश, दुसरीकडे जोरात. ज्यांच्याकडे दोन्ही प्रकार असतात त्यांची हमखास गल्लत होते. म्हणूनच दोन्ही एकाच पद्धतीचे देता येतील का, हा डॉक्टरांना विचारण्यासारखा प्रश्न आहे.

स्टेरॉइडच्या इन्हेलरनंतर खळखळून चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे उठतात. तो रोजचा असतो, बरं वाटत असलं तरी. दुसरा, झटक्याच्या वेळचा, पूर्वीपेक्षा लवकर संपायला लागला असेल तर तो संपल्याची तारीख डॉक्टरांना सांगा. छाती तपासून जे कळत नाही ते कधीकधी त्या तारखेवरून कळतं.

प्रश्न : गोळी घ्यायची राहिली तर काय करावं? आणि मोठी गोळी तोडून घेतली तर चालते का?

उत्तर : आठवल्यावर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. रक्त पातळ करणारी औषधं, इन्सुलिन, फिटची औषधं, गर्भनिरोधक गोळ्या यांचे नियम वेगळे असतात, ते औषध घेतानाच विचारून पाकिटावर लिहून घ्या.

तोडण्याचं उत्तर गोळीगणिक बदलतं. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर अशी अक्षरं असतील तर विचारल्याशिवाय तोडू, चावू, कुटू नका. दिवसभरात झिरपायचं औषध एकदम सुटतं. अशा काही गोळ्यांचं रिकामं टरफल शौचात दिसतं, त्याने घाबरू नका, आतलं औषध निघून गेलेलं असतं. गिळता येत नाही हे डॉक्टरांना कळवलंत तर बऱ्याचदा पातळ औषध किंवा लहान गोळी निघते. लोक हे वर्षानुवर्षं सांगत नाहीत, का ते मला कळलेलं नाही.

प्रश्न : वडील रुग्णालयातून घरी आले. जुन्या आणि नव्या गोळ्यांचा ढीग झाला आहे. दोन वेगवेगळ्या नावांच्या पाकिटांवर खाली बारीक अक्षरांत अमलोडिपिन हेच लिहिलंय. ते दोन्ही घेतात. पाय सुजले म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी लघवी होण्याची गोळीही दिली आहे. यातलं काय बंद करू?

उत्तर : स्वतःहून काहीच नको, पण मासिक खाली ठेवून फोन करा. तुम्ही बारीक अक्षरं वाचलीत हे फार चांगलं झालं.

एकच औषध दोन ब्रँडनावांनी चालू आहे. रुग्णालयात त्यांनी आपल्याकडचा ब्रँड लिहिला आणि घरचा बंद करा हे सांगायचं राहिलं, किंवा सांगितलं पण गडबडीत ऐकलं गेलं नाही. अमलोडिपिनने घोट्याशी सूज येते, मात्रा जास्त तितकी अधिक. ती सूज रक्तवाहिन्या सैलावल्यामुळे येते, अंगात पाणी साठल्यामुळे नव्हे, त्यामुळे लघवीच्या गोळीने फारशी हटत नाही. उलट सोडियम-पोटॅशियम बिघडायचं, मग त्यावर आणखी एक गोळी. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला गेला की अशी माळ लागते. सूज हृदयाची किंवा मूत्रपिंडाचीही असू शकते, म्हणून निवाडा डॉक्टरांनीच करायचा. पण दोन अमलोडिपिन चालू आहेत हे त्यांना माहीत नसेल तर तो निवाडाही चुकेल.

घरातलं झाडून सगळं एका पिशवीत भरा: गोळ्या, थेंब, मलमं, काढे, जीवनसत्त्वं, शेजाऱ्यांनी दिलेली दुखीची गोळीसुद्धा. फार्मासिस्टसमोर ओता. त्याला डिस्चार्जचा कागद द्या आणि तीन ढीग करायला सांगा: चालू, बंद, डॉक्टरांना विचारायचं. तिसऱ्या ढिगासाठी तो तुमच्यासमोर फोन करील असं बघा. दुखीच्या गोळ्यांवर विशेष नजर ठेवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक बीपी चढवतात, आणि एनालाप्रिलसारखं औषध, लघवीची गोळी आणि ही दुखीची गोळी असं त्रिकूट जमलं तर मूत्रपिंडं दमतात. वडिलांच्या पिशवीत यातली दोन तरी निघतील असा माझा कयास आहे.

2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी हानी कमी करण्याची मोहीम काढली, तेव्हा तीन जागांवर बोट ठेवलं होतं: जोखमीची परिस्थिती, एकाच वेळी अनेक औषधं, आणि रुग्णाचं एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणं. तुमच्या वडिलांकडे सध्या तिन्ही आहेत. ढीग झाल्यावर एकच यादी करा: औषधाचं मूळ नाव, किती, कधी, कशासाठी. प्रत्येक डॉक्टरपुढे आधी ती ठेवायची, रिपोर्ट नंतर. बंद ठरलेली पाकिटं फार्मासिस्टकडे देऊन टाका, घरी ‘असू दे’ म्हणून ठेवलेलीच पुन्हा पोटात जातात.

प्रश्न : बाळाला तापाचं सिरप ‘एक चमचा’ लिहिलंय. कोणता चमचा?

उत्तर : स्वयंपाकघरातला कोणताही नाही. औषधाचा चमचा म्हणजे 5 मिलिलिटर, आणि घरातले चमचे याच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत काहीही निघतात. डॉक्टरांना मिलिलिटरमध्ये लिहायला सांगा, तेही बाळाचं आजचं वजन करून. पॅरासिटामॉलचं सिरप घेताना बाटलीवरचा आकडाही फार्मासिस्टला मोठ्याने वाचायला लावा, कारण त्याच नावात 5 मिलिलिटरला 120 आणि 250 मिलिग्रॅम अशा दोन ताकदी मिळतात आणि मागच्या वेळची बाटली वेगळी असू शकते. सर्दीचं दुसरं सिरप चालू असेल तर त्यातही पॅरासिटामॉल आहे का ते बघून घ्या.

सुई नसलेली तोंडातून द्यायची सिरिंज मागा. जिथपर्यंत भरायची तिथे फार्मासिस्टकडून पक्क्या शाईची रेघ मारून घ्या, म्हणजे रात्री दोनला आजी देवोत की बाबा, माप एकच राहील. औषध गालाच्या आतल्या बाजूला थोडंथोडं सोडा, घशात पिचकारी मारू नका. वजन वाढून डोस बदलला की जुन्या रेघेची सिरिंज टाकून नवी घ्या.